गाडी जुनी, कर्ज नवं : अमेरिकेतल्या सेकंडहँड मोटारीच्या धंद्याचा इतिहास

या वेळचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तत्त्वज्ञान सोडलंत की काय? जुन्या गाड्यांच्या दलालीवर व्याख्यान?" आम्ही त्याला म्हटलं, ऐकायला ये, मग ठरव. तो आज आला आहे की नाही माहीत नाही, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आमच्या मनात आहे.

आम्ही या विषयाकडे वळलो ते एका प्रस्तावनेमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना आहे ती एडविन सेलिग्मन यांची. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हाचे हे त्यांचे गुरू. सार्वजनिक वित्त आणि करपद्धती या विषयांतलं त्या काळचं मोठं नाव. आम्ही सहज कुतूहल म्हणून शोधत गेलो की, आपल्या शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे हे गृहस्थ त्या वर्षांत स्वतः काय लिहीत होते. आणि आढळलं काय? दोनच वर्षांनी, १९२७ साली, सेलिग्मन यांचा दोन खंडांचा अभ्यास आला, तो हप्त्यांवरच्या विक्रीवर. मुख्यतः मोटारगाड्यांच्या. त्याचा खर्च केला होता जनरल मोटर्स कंपनीने, आणि पुढाकार होता त्या कंपनीचे वित्तप्रमुख जॉन रॅस्कॉब यांचा.

म्हणजे करशास्त्राचा महर्षी हप्त्यांच्या वहीत डोकं घालून बसला होता. का? त्याला एवढं काय दिसलं त्यात? हे समजून घ्यायचं तर आधी गाडी विकणारा माणूस कोण होता ते पाहायला हवं.

आपल्याकडे एजन्सी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, डिपॉझिट किती आणि फी किती. अमेरिकेत मोटारीचा डीलर मात्र कारखान्याला फी म्हणून काही देत नसे. करारात तसं कलमच नव्हतं. नाव मिळायचं, इलाखा मिळायचा, पाटी लावायला मिळायची. बदल्यात एकच गोष्ट असे : कारखाना पाठवील तो माल घ्यायचा आणि पैसे रोख मोजायचे. करार बहुधा वर्षाचा असे, आणि कारखान्याला तो थोड्या मुदतीच्या नोटिशीवर मोडता येई. डीलरने स्वतःच्या पैशाने शोरूम बांधलेली, दुरुस्तीचं वर्कशॉप उभं केलेलं. त्याचा जीव त्या एका कागदात अडकलेला.

हा कागद किती धारदार होता ते १९२०-२१ च्या हिवाळ्यात दिसलं. मंदी आली होती, गाड्या खपत नव्हत्या, आणि हेन्री फोर्ड यांच्या डोक्यावर मोठं कर्ज फेडायची वेळ आली होती. बँकांकडे जायला फोर्ड तयार नव्हते, सावकारांचा त्यांना मनस्वी तिटकारा. मग त्यांनी केलं काय, तर गाड्या तयार करून डीलरांकडे रवाना केल्या, मागितलेल्या असोत वा नसोत. रेल्वे स्टेशनावर माल आला की पैसे भरा आणि सोडवून घ्या, नाहीतर एजन्सी गेली. गावोगावचे डीलर आपापल्या गावच्या बँकेत गेले, घरदार गहाण ठेवून पैसे आणले आणि गाड्या सोडवल्या. फोर्ड यांनी कर्ज काढलं नाही हे खरंच. त्यांच्यासाठी ते हजारो डीलरांनी काढलं. फी नसलेल्या एजन्सीची ही फी होती.

आता जुन्या गाडीकडे येऊ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत अमेरिकेत ज्याला गाडी घेणं शक्य होतं त्याने बहुतेक पहिल्यांदाच घेतलेली होती. तिसऱ्या दशकात चित्र पालटलं. आता दारात येणारा ग्राहक एक गाडी घेऊनच येत होता. "ही घ्या, हिचे किती धरता बोला, आणि नवी द्या." जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी पुढे आपल्या आठवणींत या काळातल्या चार मोठ्या बदलांची नोंद केली आहे : हप्त्यांची विक्री, जुनी गाडी देऊन नवी घेणं, बंद टपाची गाडी आणि दरसाल नवं मॉडेल. यातले पहिले दोन आपल्या विषयाचे. आणि ते एकमेकांना चिकटलेले आहेत हे लक्षात घ्या.

कारण जुनी गाडी घेतली की डीलर फसला. तिचे जास्त धरले तर नव्या गाडीवरचा नफा तिथेच बुडाला. कमी धरले तर ग्राहक समोरच्या दुकानात. घेतलेली जुनी गाडी विकायची तर तिच्यासाठी जो ग्राहक येणार तो आणखी एखादी जुनी, पार खटारा झालेली गाडी घेऊन येणार. अशी साखळी. एक नवी गाडी विकायला दोन-दोन जुन्या गाड्या निकालात काढाव्या लागत. लॉस एंजेलिसचे लेस केली हे जुन्या गाड्यांचे व्यापारी. त्यांनी १९२६ साली किमतींचं एक निळं पुस्तक छापून काढलं, त्याचं मूळ याच अडचणीत आहे. कुठल्या सालची कुठली गाडी, तिला काय भाव. आजही अमेरिकेत जुन्या गाडीच्या भावाला लोक 'ब्लू बुक'चा आधार घेतात. पुढे १९३३ साली रूझवेल्ट सरकारच्या औद्योगिक संहितांमध्ये मोटारविक्रीचीही एक संहिता झाली, आणि जुन्या गाडीचे जास्तीत जास्त किती धरायचे यालाच सरकारी मर्यादा आली. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा मुख्य भाग रद्दबातल ठरवला, तेव्हा तीही गेली.

ही जुनी गाडी विकत कोण घेई? ज्याच्यापाशी नवीला पैसे नाहीत तो. म्हणजे हप्त्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच. आणि इथे कर्ज देणाऱ्यांनी पहिलं बंधन घातलं. ते सरकारने घातलेलं नव्हतं, धंद्याने स्वतःच घातलं होतं. १९२४ साली मोटार-कर्ज देणाऱ्या कंपन्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने दंडक सुचवले. नव्या गाडीला किमतीचा एक तृतीयांश आधी भरायचा, जुनीला चाळीस टक्के, बाकी बारा महिन्यांत. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी त्याने आधी जास्त भरायचे. हिशेबाला हे बरोबरच होतं. जुन्या गाडीची किंमत पटकन घसरते, जप्त करून विकली तर काही हाती लागत नाही. पण गरिबाच्या बाजूने पाहिलं तर दार तिथेच अरुंद झालं. हे दंडक किती पाळले गेले हा भाग वेगळा. स्पर्धा वाढली की पहिली रक्कम उतरायची.

कर्ज देत कोण होतं? बँका नव्हे. बँकवाल्यांच्या दृष्टीने मोटार ही चैन होती, आणि चैनीसाठी कर्ज म्हणजे पाप. ती पोकळी नव्या कंपन्यांनी भरली. जनरल मोटर्सने १९१९ साली स्वतःची कर्जकंपनी काढली. फोर्ड यांचं मन त्यात नव्हतं. त्यांनी १९२३ साली उलटाच प्रकार केला : आठवड्याला पाच डॉलर जमा करत जा, किंमत पुरी झाली की गाडी न्या. आपली भिशी म्हणा ना. लोकांनी फारसा प्रतिसाद दिला नाही. गाडी आज हवी असते. शेवटी १९२८ साली फोर्ड यांनाही कर्जकंपनी काढावीच लागली.

या कर्जकंपन्या दोन टोकांना कर्ज देत, हे मुद्दाम सांगतो. एक, गाडी घेणाऱ्याला. दुसरं, डीलरला, दुकानात उभ्या असलेल्या मालावर. कारखान्याला रोख द्यायचे आहेत, ग्राहक अजून यायचा आहे, मधल्या काळात डीलरचा माल कर्जकंपनीच्या नावावर तारण. मग ती कंपनी त्याला साहजिकच म्हणणार, तुझ्या ग्राहकांचे हप्त्यांचे कागदही मलाच विक. आणि ती कंपनी जर कारखान्याचीच असेल, तर डीलरने नाही कसं म्हणायचं?

सेलिग्मन यांच्या ग्रंथाची खरी बाजू इथे कळते. लोक म्हणत होते, उत्पादनासाठी काढलेलं कर्ज चांगलं, उपभोगासाठी काढलेलं वाईट. शेतकऱ्याने बैलासाठी काढलं तर ठीक, चाकरमान्याने गाडीसाठी काढलं तर उधळेपणा. सेलिग्मन यांनी ही विभागणीच मोडीत काढली. गाडीने माणूस कामावर जातो, दूरचं काम धरतो. मग ती उपभोगाची वस्तू कशी? आणि उपभोगानेही माणसाची ताकद वाढतच असते. एकंदरीत त्यांनी हप्त्याच्या बाजूने कौल दिला. ज्या कंपनीने पैसे दिले तिच्या सोयीचा कौल, असं कुणी म्हणेल. आम्हीही तसं म्हटलं असतं. पण युक्तिवाद कुणाच्या पैशाने छापला यावरून तो खोटा ठरत नाही. एवढं मात्र खरं की त्यांचा भर कर्ज घेणाऱ्याच्या शहाणपणावर आहे, आणि त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदात काय लिहिलं आहे हे तेवढ्या बारकाईने आलेलं नाही.

कागदात काय होतं? एकाच गाडीच्या दोन किमती. रोखीची वेगळी, मुदतीची वेगळी. बहुतेक राज्यांत व्याजावर कायद्याची कमाल मर्यादा होती. पण इंग्लंडमधल्या १८२७ च्या एका निकालापासून चालत आलेला एक सिद्धान्त होता की, मालकाने उधारीची किंमत जास्त सांगितली तर तो फरक व्याज नव्हेच. ती दुसरी किंमत. विक्रेत्याने कर्ज दिलेलंच नाही, त्याने माल विकला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १८६१ साली हे मान्य केलं होतं. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला हे उदाहरण फार आवडावं असं आहे : पैसे उशिरा देण्याबद्दल जास्त पैसे घेतले, पण ते व्याज नाही! मर्यादा आहे, पण ती लागू नाही, कारण वस्तूचं नाव बदललं.

१९३५ च्या सुमाराला कंपन्यांनी जाहिरात सुरू केली, "सहा टक्के". समजा चारशे डॉलर हप्त्यांत फेडायचे. सहा टक्के म्हणजे चोवीस. चारशे चोवीस भागिले बारा. ग्राहकाला वाटलं, सहा टक्के व्याज, बँकेसारखं. पण पहिल्या महिन्यापासून मुद्दल कमी होत चाललं आहे आणि चोवीस डॉलर मात्र पूर्ण चारशेंवर वर्षभराचे धरलेले. वर्षभरातलं सरासरी येणं काढा, दोनशे सतरा डॉलरच्या आसपास येतं. त्यावर चोवीस. म्हणजे दर अकरा टक्क्यांच्या घरात गेला. फेडरल ट्रेड कमिशनने ही जाहिरात फसवी ठरवली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि हरल्या. जनरल मोटर्स १९४० साली, फोर्ड १९४१ साली. गंमत अशी की गुन्हा ठरला तो जाहिरातीचा. अकरा टक्के घेण्यावर काही बंदी आली नाही.

आता साउथ बेंड. इंडियाना राज्यातलं हे एक मध्यम शहर. इथे १९३८ च्या मे महिन्यात फेडरल ग्रँड ज्युरीने तिन्ही मोठ्या कारखान्यांवर आणि त्यांच्याशी जोडलेल्या कर्जकंपन्यांवर आरोप ठेवले. त्याआधी हाच प्रयत्न मिलवॉकीत झाला होता. तिथल्या न्यायाधीश गायगर यांना कळलं की इकडे ग्रँड ज्युरी बसली आहे आणि तिकडे न्याय खातं कंपन्यांशी तडजोडीची बोलणी करतं आहे. ते भडकले आणि त्यांनी ग्रँड ज्युरीच बरखास्त केली. म्हणून साउथ बेंड.

आरोप असा : कारखाने डीलरला सक्ती करतात की ग्राहकाचं कर्ज आमच्याच कंपनीकडून घे. न ऐकणाऱ्याच्या गाड्या अडकतात. त्याला हव्या त्या रंगाच्या, हव्या त्या मॉडेलच्या गाड्या येत नाहीत. कारखान्याचा माणूस येऊन वह्या तपासतो, बाहेरच्या कर्जकंपनीचं नाव दिसलं की खुलासा मागतो. करार वर्षाचाच असतो, आणि पुढच्या वर्षी काय होईल हे सांगायची गरज नसते.

फोर्ड आणि क्रायस्लर यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात समझोता स्वीकारला. जनरल मोटर्सने खटला लढवला. १९३९ च्या शरदात डीलरांच्या साक्षी झाल्या आणि ज्युरीने निकाल दिला. कंपन्या दोषी. आणि त्या कंपन्या चालवणारे, आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेले अधिकारी? सगळे निर्दोष.

आम्ही आयुष्यभर कृती, कर्ता आणि जबाबदारी या विषयावर शिकवत आलो. सक्ती झाली हे सिद्ध. पण ती करणारा हात एकाही माणसाच्या खांद्याला जोडलेला नाही, असा हा निकाल. दंड प्रत्येक कंपनीला पाच हजार डॉलर. तेव्हाच्या कायद्यात तेवढीच कमाल रक्कम होती. चार कंपन्यांचे मिळून वीस हजार. १९४१ साली अपील न्यायालयानेही शिक्षा कायम केली. ज्युरीतली माणसं साधी होती, त्यांना चूक म्हणायचं धाडस आम्ही करणार नाही. बहुधा त्यांना असं वाटलं असेल की, व्यवस्थेचा दोष आहे, तुरुंगात कुणाला धाडायचं? पण हाच प्रश्न साउथ बेंडच्या गल्लीतल्या, हप्ता चुकलेल्या माणसाबाबत कुणी विचारला नाही. त्याची गाडी रात्री अंगणातून उचलून नेताना जबाबदार कोण, हे अगदी स्पष्ट असे.

महायुद्धाच्या तोंडावर सरकार स्वतः कर्जाच्या वाटेत उभं राहिलं. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि १ सप्टेंबरपासून फेडरल रिझर्व्हचं 'रेग्युलेशन डब्ल्यू' लागू झालं. गाडीला किमान एक तृतीयांश आधी, बाकी फार तर अठरा महिन्यांत. हेतू ग्राहकाचं रक्षण हा नव्हताच. लोखंड आणि पैसा दोन्ही युद्धाकडे वळवायचे होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये नव्या खासगी गाड्यांचं उत्पादनच थांबलं. मग देशात जी काही गाडी विकली जाई ती बहुतेक जुनीच. भाव भडकले आणि जुलै १९४४ मध्ये जुन्या गाड्यांच्या किमतींवरही सरकारी मर्यादा आली.

युद्ध संपल्यावरचा प्रकार ऐकून आमच्या वयाच्या मंडळींना ओळखीचं काहीतरी आठवेल. नवी गाडी कारखान्याच्या छापील किमतीला, पण मिळायला महिनोन्महिने. मग ती डीलरच्या मागच्या दाराने निघून जुन्या गाड्यांच्या मैदानावर जाई आणि 'वापरलेली' म्हणून छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्तीने विकली जाई. मीटरवर जेमतेम काही मैल. आपल्याकडे फियाटच्या आणि स्कूटरच्या नंबरावर 'ऑन' चालायचं, त्याचाच हा थोरला भाऊ. जिथे टंचाई आहे तिथे जुनं नव्यापेक्षा महाग होतं. रेग्युलेशन डब्ल्यू अधूनमधून उठलं आणि परत आलं. कोरियाच्या युद्धात, ऑक्टोबर १९५० मध्ये तर मुदत पंधरा महिन्यांवर आणली. हप्ता मोठा झाला, पगारदार माणूस बाहेर पडला, डीलर ओरडू लागले. १९५२ च्या मे महिन्यात ते कायमचं गेलं.

पुढची काही वर्षं झटकन ओलांडू. १९५६ साली डीलरला कारखान्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला. १९५८ पासून नव्या गाडीच्या काचेवर छापील किमतीचा कागद आला. १९६८ साली कर्जाचा खरा वार्षिक दर सांगण्याची सक्ती झाली, म्हणजे त्या सहा टक्क्यांचा हिशेब एकदाचा मिटला. नवी गाडी सभ्य होत चालली होती. जुनी अजून तशीच होती.

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांचा तो प्रसिद्ध निबंध आला. विकणाऱ्याला गाडी कशी आहे माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाजूला होतो आणि उरतो तो कचरा. हे सगळे सांगतात. थोडे लोक सांगतात ते असं की, अकरलॉफ त्याआधी १९६७-६८ साली दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि त्याच निबंधात आपल्या सावकाराचं उदाहरण आहे. गावचा सावकार महाग व्याज घेतो पण माणसं ओळखतो. बाहेरचा स्वस्त व्याजवाला आला तर त्याच्या पदरी नेमके बुडवे पडतात. जुनी गाडी आणि कर्ज एकाच निबंधात आहेत, ते उगाच नव्हे.

आता थोडं घरचं. १९८६ साली आमच्या थोरल्या बंधूंनी एका दलालामार्फत एक जुनी गाडी घेतली. कर्ज दलालानेच एका फायनान्सवाल्याकडून करून दिलं. आरसी बुकावर त्याचं नाव चढलं. महिन्याभरात गिअरबॉक्स गेला. दादा दलालाकडे गेले, तो म्हणाला, गाडी तुम्ही बघून घेतलीत. मग फायनान्सवाल्याकडे गेले. त्याचं उत्तर आमच्या घरात अजून म्हणीसारखं वापरतात : "गाडीचं त्याच्याशी बोला, हप्त्याचं आमच्याशी." उभ्या गाडीचे हप्ते दादांनी बावीस महिने भरले.

तो माणूस उद्धट होता, पण कायद्याचं फार जुनं तत्त्व बोलत होता. वचनचिठ्ठी एकाने लिहून घेतली आणि चांगल्या हेतूने, मोल देऊन दुसऱ्याने विकत घेतली, तर या दुसऱ्याला मूळ व्यवहारातल्या भानगडीशी देणंघेणं नाही. आपल्या १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यातही हा 'यथाविधी धारक' आहे. व्यापाऱ्यांच्या हुंड्या हातोहात फिराव्यात म्हणून केलेली ही सोय. अमेरिकेत तीच जुन्या गाडीच्या ग्राहकावर उलटली. डीलर संध्याकाळी गाडी विकतो, सकाळी कागद कर्जकंपनीला विकून पैसे घेतो, आणि गाडी चौकात बंद पडते. ग्राहकाला डीलरवर दावा लावता येतो, पण हप्ता थांबवता येत नाही. बुडालेल्या डीलरवर दावा लावून काय मिळणार?

फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर १९७५ मध्ये नियम केला, तो १४ मे १९७६ पासून लागू झाला. ग्राहकाच्या कर्जाच्या करारात ठळक अक्षरांत सूचना छापायची : हा कागद ज्याच्या हाती जाईल त्याच्याविरुद्ध, ग्राहकाचे विक्रेत्याविरुद्ध जे हक्क आणि बचाव आहेत ते सगळे चालतील, त्याने भरलेल्या रकमेच्या मर्यादेत. एका परिच्छेदाने कागदाला त्या गाडीशी परत बांधलं. या सगळ्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे छोटं कलम. 

पुढचा नियम साधा होता. जुन्या गाडीच्या काचेवर एक पत्रक लावा. हमी आहे की नाही ते लिहा. आणि तुम्हाला ठाऊक असलेले मोठे दोष असतील तर तेही लिहा. शोधून काढा असं म्हटलेलं नव्हतं. ठाऊक असतील तेच. कमिशनने १९८१ साली हा नियम काढला आणि डीलर संघटना वॉशिंग्टनमध्ये उतरल्या. तेव्हाच्या कायद्यानुसार काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांना कमिशनचा नियम ठरावाने फेटाळता येई, राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय. मे १९८२ मध्ये सेनेटने ६९ विरुद्ध २७ आणि प्रतिनिधिगृहाने २८६ विरुद्ध १३३ मतांनी नियम फेटाळला.

तो जिवंत कसा झाला ते ऐका. जगदीश राय चढ्ढा नावाचा तरुण, जन्म केनियातला, आईवडील भारतीय, शिकायला अमेरिकेत गेलेला. व्हिसा संपला, केनिया घेईना, ब्रिटनही घेईना. स्थलांतर न्यायाधीशाने १९७४ साली त्याची हद्दपारी थांबवली. पण १९७५ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने साध्या ठरावाने ती थांबवणी रद्द केली. चढ्ढा भांडत राहिले. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखाद्या सभागृहाने असं ठरावाने निर्णय फिरवणं घटनाबाह्य आहे. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने त्याच न्यायाने जुन्या गाड्यांवरचा नकारही रद्द धरला. घर नसलेल्या एका माणसाच्या खटल्याने अमेरिकेतल्या जुन्या मोटारीचं पत्रक परत आलं! कमिशनने मात्र नियम परत हाती घेतला, विचार केला, आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये जो अंतिम नियम काढला त्यात 'ठाऊक असलेले दोष' हे कलम गाळलेलं होतं. ९ मे १९८५ पासून काचेवर जे आलं त्यात हमी आहे की 'आहे तशी, हमी नाही' याचे दोन चौकोन होते. गाडी आपल्या मेकॅनिकला दाखवता येईल का ते विचारा असा सल्ला होता, आणि मागे गाडीत कुठकुठले दोष संभवतात त्यांची सर्वसाधारण यादी होती. या गाडीत कुठला आहे, ते नव्हतं.

फीचा धागा राहिला. १९७९ साली फ्रँचायझी विकणाऱ्यांसाठी नियम लागू झाला की, पैसे घेण्याआधी किमान दहा कामकाजाचे दिवस सगळी माहिती लेखी द्या. पण फ्रँचायझी कशाला म्हणायचं? पहिल्या सहा महिन्यांत किमान पाचशे डॉलर द्यावे लागत असतील तर. आणि घाऊक दराने, वाजवी प्रमाणात घेतलेला माल या रकमेत धरायचा नाही. म्हणजे कारखान्याचा डीलर, ज्याने मालापोटी लाखो मोजले, त्याने 'फी' दिलीच नाही. १९२१ साली स्टेशनावर गाड्या सोडवणाऱ्या माणसाला 'वाजवी प्रमाणात' हे शब्द वाचून काय वाटलं असतं? खरी फी आणि दरमहा विक्रीतला वाटा देणारे डीलर आले ते जुन्या गाड्यांच्याच धंद्यात. १९८९ साली इंडियानातच अशी एक फ्रँचायझी निघाली, जे. डी. बायरायडर नावाची. ज्याला कुणी कर्ज देत नाही त्याला गाडीही आपण विकायची आणि कर्जही आपणच द्यायचं, असा तिचा धंदा. पाटी, पद्धत आणि कर्जाचा हिशेब करणारी यंत्रणा असं सगळं मिळून विकत घ्यायचं.

आणि २०१० साली आर्थिक संकटानंतर अमेरिकेत ग्राहकांच्या कर्जावर देखरेख करणारं नवं खातं झालं तेव्हा डीलर पुन्हा राजधानीत उतरले. कायद्याच्या १०२९ व्या कलमात त्यांना सूट मिळाली, पण सगळ्यांना नाही. जो डीलर कर्जाचा कागद करून दुसऱ्याला विकतो, तो त्या खात्याच्या कक्षेबाहेर. जो गाडीही विकतो आणि कागदही स्वतःच्या कपाटात ठेवतो, हप्ता स्वतः घेतो, तो कक्षेत. दादांचा दलाल बाहेर राहिला असता. प्रश्न असतील तर घेऊ.